वही, माप आणि कादंबरी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकानदार नवी वही पाटावर मांडतो, तिला हळदकुंकू वाहतो आणि पहिल्या पानावर 'श्री' काढतो. त्याच्या मागोमाग बलिप्रतिपदा येते आणि शेतकऱ्याच्या घरी बळीराजाची आठवण निघते. एक दिवस वहीचा, एक दिवस बळीचा. या दोघांची गाठ वर्षभर कुठे पडते असे विचारले, तर शाळेतले पोरही सांगेल की बाजारात. ही गाठ आपल्या मराठी साहित्यात कितपत पडली आहे, एवढाच प्रश्न मी वाचकांच्या फराळाच्या ताटाशेजारी ठेवणार आहे. विषय जरा कोरडा वाटेल. पण चिवड्याला जसे मीठ, तसा संसाराला हिशेब, आणि सणासुदीला तो अधिकच लागतो.

आमचे राणीसावरगाव परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात आहे. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. पोटापाण्यासाठी मास्तरकी आणि हौसेखातर कादंबरीलेखन, असा माझा दुहेरी उद्योग. पोरांना गणित शिकवताना पुस्तकात दुकानदार येतो, शेकडा नफा येतो, तोटा येतो. मराठीच्या तासाला मात्र शेतकरी येतो, पाऊस येतो, मातीचा वास येतो. दोन्ही पुस्तके एकाच दप्तरात असतात. परंतु एकातला माणूस दुसऱ्यात जात नाही. आपल्या ग्रामीण साहित्याचेही पुष्कळसे असेच झाले आहे. त्यात पेरणी आहे, मळणी आहे, दुष्काळ आहे, भावकीचे भांडण आहे. पिकलेले धान्य खळ्यावरून उठल्यावर कुठे गेले, कोणत्या मापाने गेले, आणि त्याच्या बदल्यात घरात काय आले, हे सांगायची वेळ आली की लेखक बहुधा प्रकरण संपवतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी आमच्या भागातला व्यवहार कसा चाले, हे आधी पाहिले पाहिजे. हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत तो तसाच राहिला. शेतकऱ्याची देवघेव तीन ठिकाणी होई. पहिले ठिकाण खळे. तिथे सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग यांना वर्षाच्या कामाबद्दल धान्याच्या रूपाने बलुते मिळे. दुसरे ठिकाण गावातले दुकान. मीठ शेतात पिकत नाही, म्हणून ते आणावेच लागे. घरातली बाई पदराखाली शेर-मापटे जोंधळा घेऊन जाई आणि त्यावर मीठमिरची घेऊन येई. तेल्याकडे करडई द्यायची आणि तेल आणायचे; पेंड कोणी ठेवायची, यावर ठराव व्हायचा. तिसरे ठिकाण आठवड्याचा आणि तालुक्याचा बाजार. तिथे पैसा दिसे. कारण सरकारसारा धान्याने भरून चालत नसे, त्याला नाणेच लागे.

ते नाणेही सरळ नव्हते. निजामाचा हाली सिक्का वेगळा, इंग्रजांचा कलदार रुपया वेगळा. साधारणपणे सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब असे. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचे नाके होते आणि मालावर जकात द्यावी लागे. 1900 च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली, परभणी तिच्या वाटेवर आले, आणि आमच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला मुंबईची वाट मोकळी झाली. मुंबईचा भाव लिव्हरपूलच्या भावाकडे पाहून ठरायचा. म्हणजे वेचणीला वाकलेल्या बाईने ज्या शहराचे नाव कधी ऐकले नव्हते, तिथल्या चढउताराने तिच्या घरच्या लुगड्याचा निकाल लागू लागला. केवढे मोठे नाट्य आहे हे! आपल्या कादंबरीने ते जवळजवळ वापरलेच नाही.

या सगळ्याचा हिशेब ज्या मराठी पुस्तकाने प्रथम नीट मांडला, ते कादंबरी नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' 1915 साली प्रसिद्ध झाला. आत्रे सरकारी नोकरीतले; त्यांनी पाहिलेली खेडी इंग्रजी अमलातली, आमच्यासारखी निजामाकडची नव्हेत. तरीसुद्धा आमच्याकडचा वाचक हे पुस्तक उघडतो तेव्हा त्याला आपलेच गाव दिसते. कारू कोण, नारू कोण, कोणाचा हक्क किती, खळ्यावर कोणकोण येऊन उभे राहते, पुढे बाजारात आणि जत्रेत कुणब्याच्या कनवटीचे काय होते, हे ते इतक्या बारकाईने सांगतात की वाचताना धान्याची रास डोळ्यांदेखत खाली बसत जाते. त्यांची भाषाही कचेरीतली नाही. गावातले शब्द ते गावातल्याच अर्थाने वापरतात, आणि एकेका शब्दातून एकेक रिवाज उलगडतात. माझ्यासारख्या कादंबरी लिहिणाऱ्याने हेवा करावा असे हे गद्य आहे.

पण चांगल्या पुस्तकाचाही एक डोळा उघडा आणि एक मिटलेला असू शकतो. आत्र्यांचा उघडा डोळा देणाऱ्याकडे आहे. कुणब्याच्या राशीतून काय गेले, ते त्यांनी मोजले. ज्याच्या पदरात पडले त्याच्या घरी ते किती दिवस पुरले, हे मोजले नाही. वतनामुळे काम करणारा आळशी होतो, कामाशी मोबदल्याचा मेळ राहत नाही, ही त्यांची तक्रार आहे, आणि तिच्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? परंतु बलुतेदाराला भाव ठरवण्याचा अधिकार नव्हता, आणि गाव सोडून दुसरीकडे काम मागायचीही फारशी सोय नव्हती. तेव्हा हा सौदा म्हणायचा की दुसरे काही, हा प्रश्न 'गावगाड्या'त जितक्या जोराने उठायला हवा होता तितका उठत नाही.

तो उठायला साठ-पासष्ट वर्षे जावी लागली. 1978 साली दया पवारांचे आत्मकथन आले आणि त्यांनी त्याचे नावच 'बलुतं' ठेवले. आत्र्यांच्या पुस्तकात जो शब्द खर्चाच्या बाजूला होता, तो इथे जमेच्या बाजूला आला. आणि जमेची बाजू किती रिकामी होती हे मराठी वाचकाला समजले. त्याआधी 1971 साली आमच्याच मराठवाड्याच्या बोलीत रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' प्रसिद्ध झाली होती. त्यात गंगाराम शिंप्याची बायको पार्बती आपली कहाणी सांगते. शिंपी काही महारासारखा वेशीबाहेरचा नव्हे. तरीही गावाच्या मर्जीवर पोट असलेल्या कारागिराने मान ताठ ठेवली की घर कसे पाचोळ्यासारखे उडते, हे ती कादंबरी दाखवते. मला तिच्यात विशेष वाटते ते असे, की इथे कारागीर आणि गिऱ्हाईक यांच्यातला व्यवहार नुसता पार्श्वभूमीला नाही. माणसांची नाती त्याच धाग्याने शिवलेली आहेत आणि तिथेच ती उसवतात. 'गावगाडा', 'पाचोळा' आणि 'बलुतं' ही तीन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. खतावणीची दोन्ही पाने तेव्हा कुठे जुळतात.

आता सावकाराकडे येऊ. महात्मा फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा त्यांनी सावकाराबरोबर सरकारी कामगार, कोर्टकचेरी आणि धर्माच्या नावाने होणारा खर्च या सगळ्यांना एका रांगेत उभे केले होते. शेतकऱ्याचे दारिद्र्य ही एक सबंध यंत्रणा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्या कथाकारांनी आणि चित्रपटवाल्यांनी त्या यंत्रणेतला एकच माणूस उचलला. त्याला ढेरी लावली, हातात वही दिली, तोंडी मोडके मराठी घातले, की झाला खलनायक तयार. हा सावकार वाईट असतो म्हणून शेतकरी बुडतो. तो शेवटी मेला किंवा सुधारला की गोष्ट गोड होते. यात शेतकऱ्यावरही अन्याय आहे. त्याला आपण भोळा ठरवतो. ज्याने आयुष्यभर आभाळाचा अंदाज घेतला, बैलाचे दात पाहून वय ओळखले, रुमालाखाली बोटे दाबून भाव केला, तो माणूस भोळा कसा असेल? त्याला हिशेब कळत होता. फक्त थांबायची सवड त्याच्याकडे नव्हती.

सगळी मेख या सवडीत आहे. पेरणीच्या वेळी बी नसले की दिढीने आणावे लागे, म्हणजे मणाला दीड मण परत. सुगीला सगळ्यांचे धान्य एकदम बाजारात येते, तेव्हा भाव पडलेला असतो; आणि नेमका तेव्हाच सारा भरायचा असतो, तेव्हाच देणेकरी दारात असतो. पुढे आषाढात तेच धान्य चढ्या भावाने विकत घ्यावे लागते. दुकानदार देवभोळा असो की लबाड, हे चक्र फिरतेच. लबाड असला तर त्यात मापाची भर. रास मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायची आपली जुनी रीत आहे. मंगल शब्द आहे. पण माप शिगेचे आहे की सपाट, यावर तो लाभ कोणाचा ते ठरते. बाजारात अडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशी एकेक चिमूट निघत जाते. ही गाऱ्हाणी सरकारच्या कानावर गेली होती. वऱ्हाडात 1897 साली कापसाच्या बाजारांसाठी कायदा झाला. निजामाच्या राज्यात शेतमालाच्या बाजाराचा कायदा 1930 साली झाला. कायद्याच्या पुस्तकाला जे दिसले, ते गोष्टीच्या पुस्तकाला दिसू नये, याचे नवल वाटते.

आमच्या शेजारच्या हिंदी भाषेने हे करून दाखवले आहे. प्रेमचंदांच्या 'गोदान'चे साल 1936. होरीला दारात गाय हवी आहे. ती तो भोलाकडून मिळवतो, आणि त्या सौद्यात रोकड नाही. थोडा भुसा आहे आणि भोलाचे दुसरे लग्न जमवून देण्याचे आश्वासन आहे. एवढ्याशा देवघेवीत दोन गरीब माणसांचा लोभ, लाज आणि चांगुलपणा लेखकाने एकत्र तोलला आहे. पुढे ऊस विकला जातो तेव्हा सावकार पैसे वसूल करायला कारखान्यावरच हजर असतो, आणि होरी रिकाम्या हाताने घरी येतो. इथे लेखकाने कोणाला शिव्या दिल्या नाहीत. पैसा कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला, एवढे सांगितले. आणि आपण पुस्तक मिटून गप्प बसतो.

मराठीत त्या तोडीचे काही नाही काय? आहे, आणि तेही मराठवाड्यातच आहे. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा ज्याने वाचली, तो बाजारात टोमॅटोची पाटी पाहून पूर्वीसारखा पुढे जाऊ शकत नाही. भाव इतका पडतो की पिकवणारा बाप आपलाच माल बाजारात पायाखाली तुडवतो, आणि पोरगा ते पाहतो. कथेत खलनायक नाही. ढेरपोट्या सावकार नाही, वही नाही. बाजार आहे, आणि घासाघीस करणारे गिऱ्हाईक आहे. म्हणजे तुम्ही-आम्ही आहोत. ही कथा मला मोठी वाटते ती या कारणाने, की शंभर वर्षांत खळे गेले, बलुते गेले, हाली सिक्का गेला, शेर-पायली जाऊन किलो आला, तरी थांबायची सवड शेतकऱ्याला मिळाली नाही, हे ती एकही आकडा न मांडता सांगते.

कोणी म्हणेल, मास्तर, साहित्य म्हणजे जमाखर्च नव्हे. मान्य. पण आपल्या वाङ्मयाचा मोठा पुरुष देहूचा दुकानदार होता. घरी दुकान, घरी सावकारी. आपल्या वाट्याची कर्जखते त्याने इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. ज्याला त्या कागदांचा भार ठाऊक होता, त्यालाच ते बुडवण्याचा अर्थ कळला. तुकोबांच्या वाणीत व्यवहाराचे शब्द जागोजाग येतात आणि तरीही ती वाणी आभाळाएवढी राहते. मग आपल्या कादंबरीने तराजूला हात लावला तर तिचे सोवळे कसे मोडेल?

माझे मागणे मोठे नाही. खेड्यावरची गोष्ट हाती आली की वाचकांनी तिला तीन प्रश्न विचारावेत. माप कोणाच्या हातात आहे? माल विकणारा आणखी दोन महिने थांबू शकतो का? आणि वही कोण लिहितो, कोणाला ती वाचता येते? या तिन्हींची उत्तरे ज्या गोष्टीत सापडतात, तिच्यातली माणसे खरी निघतात. जिच्यात सापडत नाहीत, तिच्यात पाऊस कितीही सुंदर पडला तरी रास घरी येत नाही.

यंदाच्या दिवाळीत घरातली म्हातारी माणसे निवांत बसतील तेव्हा त्यांना चिपटे, मापटे, अडशेरी यांबद्दल जरूर विचारा. कोणत्या दुकानात कोणाची उधारी होती, ती कशी फिटली, हेही विचारा. घरातल्या लिहित्या पोराने ते टिपून ठेवावे. उद्याची एखादी चांगली कादंबरी त्यातच कुठेतरी पडलेली असेल.