कापसाचा बर्फ आणि कापसाचे अंथरूण

आगमनकाळ सुरू झाला की वऱ्हाडातील धर्मग्रामांत कागद, कात्री आणि खळ यांचे राज्य सुरू होते. अमरावती व अकोला या शहरांत, तसेच आसपासच्या खेड्यांतही, धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले नाताळची शुभेच्छापत्रे स्वहस्ते तयार करतात. भेंडीचे व बटाट्याचे ठसे, दुकानातून आणलेले रबरी ठसे, घोटीव कागद, नक्षीच्या कागदाचे तुकडे, जुन्या लग्नपत्रिकांची कात्रणे आणि चिमूटभर चमकी एवढीच काय ती सामग्री. अशी शेकडो कार्डे आजवर आमच्या मेजावर आली. आम्ही त्यांचे कौतुक केले, परीक्षण मात्र कधी केले नाही. मुलांच्या हस्तकलेची समीक्षा ती काय करायची, असे वाटत असे. परंतु ज्या वस्तूतून आपण प्रभूच्या जन्माची वार्ता घरोघरी पोहोचवितो, ती वस्तू काय सांगते हे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

नाताळकार्डाचा उगम पाहिला तर परीक्षणाच्या दोन कसोट्या तेथेच सापडतात. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांना सर्व परिचितांना स्वतंत्र पत्रे लिहिण्यास सवड नव्हती. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले आणि ते छापले. व्यापारी स्वरूपाचे पहिले नाताळकार्ड ते हेच. मध्यभागी मेजवानीस बसलेले कुटुंब आणि दोन्ही बाजूंस भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र देणारी माणसे, अशी त्याची रचना होती. मधल्या चित्रात लहान मुलालाही मद्य पाजताना दाखविले असल्याने त्यावर टीका झाली. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, कार्डाचा जन्मच मुळी पत्र लिहिण्याचे श्रम वाचविण्यासाठी झाला. तरीही त्या पहिल्या कार्डाला गरिबांचा विसर पडला नव्हता. कार्डात पाठविणाऱ्याचे मन किती आहे आणि त्यात गरिबाला जागा आहे काय, या त्या दोन कसोट्या होत.

प्रथम कारागिरीविषयी. ठशांमध्ये आम्हांला भेंडीचा ठसा सर्वांत श्रेष्ठ वाटतो. भेंडी आडवी कापली की पाच टोकांची चांदणी आयती मिळते. बेथलेहेमचा तारा जणू बाजारच्या पिशवीतूनच निघतो. मात्र ताज्या कापाला बुळबुळीतपणा असतो व ठसा फाकतो. काप काही वेळ कागदावर पालथा ठेवून सुकू द्यावा आणि रंगात बुडविण्याऐवजी रंगविलेल्या ओल्या फडक्यावर हलकेच टेकवावा. बटाट्यावर अक्षरे कोरताना ती उलटी कोरावी लागतात, हे पुष्कळदा विसरले जाते. एका कार्डावर ‘येशू’ हे नाव आरशात पाहिल्यासारखे उमटले होते. मुलाने ते झाकले नाही. खाली पेन्सिलीने तेच नाव सुलट लिहिले. ती दुरुस्ती आम्हांला अन्य कार्डांवरील बिनचूक रबरी अक्षरांहून अधिक भावली.

नक्षीच्या कागदाविषयी मात्र तक्रार आहे. नक्षी ही पार्श्वभूमी असते. पुष्कळ कार्डांत तीच पुढे येऊन बसते. लग्नपत्रिकेची सोनेरी किनार, त्यावर फुलांचा कागद, त्यावर चमकी, आणि या गर्दीत बाळ येशू कोठे आहे ते शोधावे लागते. बेथलेहेमच्या धर्मशाळेत जागा नव्हती हे आपण दरवर्षी ऐकतो. कार्डावर तरी ती असावी. एका साध्या रंगाचा कागद, त्यावर नक्षीची एकच पट्टी आणि मोकळी सोडलेली जागा एवढ्याने काम भागते.

आता चित्रविषयाकडे वळू. आमच्या पाहण्यातील बहुसंख्य कार्डांवर तीच ती चित्रे आढळतात. सूचिपर्णी वृक्ष, घंटा, हरणांची गाडी, लाल टोपीचा म्हातारा आणि उतरत्या छपरावर साचलेला बर्फ. तो बर्फ कशाचा? कापसाचा! वऱ्हाडात डिसेंबर म्हणजे वेचणीचे दिवस. रानोरान पऱ्हाटी पांढरी झालेली असते. किलोवर मजुरी घेणाऱ्या बाया सकाळपासून कमरेला ओटी बांधून बोंडे वेचतात आणि बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी त्यांची बोटे ओरबाडून निघतात. त्यांतील कित्येक घरची मुले आपल्याच वर्गात बसतात. त्या मुलांनी घरचा कापूस आणायचा आणि जन्मात न पाहिलेला बर्फ म्हणून तो चिकटवायचा! १८६०च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला इंग्लंडच्या गिरण्यांकडून मोठी मागणी आली. आपला कापूस तिकडे गेला आणि तिकडचा बर्फ आपल्याकडे आला, असा हा व्यवहार दिसतो. ज्या पिकापायी या प्रदेशातील कितीतरी शेतकरी कर्जात बुडाले आणि कितींनी तर जीव दिला, ते पीक आपल्या नाताळकार्डावर केवळ शोभेचे हिम होऊन यावे, हे मनाला खटकते.

येथे आमचाच दोष आधी कबूल केला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामातील स्पर्धेत परीक्षक म्हणून आम्ही पहिले पारितोषिक अशाच एका हिमाच्छादित घराला दिले. काम नीटनेटके होते, कापूस सफाईने पिंजलेला होता. त्याच ढिगात एका मुलीचे कार्ड होते. तिने घोटीव कागदाची तपकिरी गव्हाण कापली होती, वर भेंडीची एकच चांदणी उमटविली होती, आणि बाळाच्या खाली सरकीसकट कापूस चिकटविला होता. सरकीमुळे कार्ड फुगले होते व पाकिटात धड बसत नव्हते. आम्ही ते ‘अस्वच्छ’ म्हणून बाजूला ठेवले. पारितोषिके वाटून झाल्यावर त्या मुलीला सहज विचारले, “बाळा, सरकी का नाही काढलीस?” ती म्हणाली, “फादर, आईनं आजच वेचून आणला. बाळाले थंडी वाजते ना.”

त्या उत्तरानंतर आम्हांला आमचा निर्णय फार काळ पेलवला नाही. दोन्ही कार्डांत तोच कापूस होता. एका कार्डात तो आपण पाहिलेल्या दुसऱ्या कार्डांची आठवण होता, दुसऱ्यात तो आईच्या दिवसभराच्या मजुरीतून बाळासाठी काढलेले अंथरूण होता. पहिल्याला हस्तकला म्हणावे. दुसऱ्याला आम्ही भक्ती म्हणू. आमच्या दोन्ही कसोट्यांना ते उतरले होते. परीक्षकाला मात्र ते ओळखता आले नाही.

यावर कोणी म्हणेल, मुलांच्या आनंदावर विरजण कशाला? सांताक्लॉज त्यांना आवडतो, आवडू द्यावा. आमचा त्याला विरोध नाही. आमचे म्हणणे इतकेच की, आवड आणि सवय यांत भेद आहे, आणि ज्याने दुसरे काही पाहिलेच नाही त्याची सवयही आवडीसारखी दिसते. उलट बाजूनेही सावध असले पाहिजे. हल्ली ‘देशी’ नाताळकार्डे निघतात. त्यांवर वारली पद्धतीच्या माणसांचा रबरी ठसा असतो. वारली चित्रकला डहाणू-पालघरकडची. ती थोर खरी, पण मेळघाटच्या पायथ्याशी बसलेल्या मुलाने बाजारातून तिचा ठसा आणून उठविला तर तेही उसनेच. हरणांच्या जागी बैल आल्याने कार्ड आपले होत नाही. पाहिलेले, सोसलेले काही त्यात उतरले तर होते. हिवाळ्यात रानात मेंढ्या बसविणारे धनगर आपल्या गावाबाहेर शेकोटीजवळ रात्र काढतात. संत लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळ समजून घेण्यास आणखी दूर कोठे जावे?

ख्रिस्तसभेची परंपराही हेच सांगते. १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो गावी नाताळचा देखावा उभा केला, तेव्हा तेथे मूर्ती नव्हत्या. गव्हाण होती, गवत होते, बैल आणि गाढव होते. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच गावी गव्हाणीवरील आपल्या पत्रावर स्वाक्षरी केली. भिकारी आणि साधी माणसे यांनाही गोठ्यात जागा देण्याच्या प्रथेचे त्यात त्यांनी कौतुक केले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात स्पष्ट केले की, कोणतीही एकच कलाशैली ख्रिस्तसभेने आपली म्हणून ठरविलेली नाही. आणि त्याच्याही आधी गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकून, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून, पवित्र मरियेला साडी नेसविली होती. त्यांना त्यासाठी स्वकीयांची टीका सोसावी लागली. आपल्या मुलांच्या वाट्याला ती येऊ नये, निदान परीक्षकाकडून तरी.

शेवटी कार्डाच्या आतल्या पानाविषयी. पूर्वी पुष्कळजण कार्डे पाकीट न चिकटविता ‘बुक पोस्ट’ने पाठवीत. खर्च वाचे, पण आत पत्र घालता येत नसे. मूक राहिल्याबद्दलची ती सवलत होती. आज तेवढाही खर्च नाही. भ्रमणध्वनीवर आलेले चित्र आपण न पाहताच पुढे ढकलतो. अशा काळात हाताने कार्ड करणारे मूल काही मोलाचे करीत आहे. पण बाहेर दोन तास ठसे उठवून आत ‘मेरी ख्रिसमस’ एवढेच लिहिले, तर हेन्री कोल यांची घाईच आपण मोठ्या कष्टाने पुन्हा केली असे होईल. आत दोन ओळी स्वतःच्या असाव्यात. आजीच्या गुडघ्यांची चौकशी असावी, यंदा घरी झालेल्या बाळाचे नाव असावे, भांडलेल्या काकांना या म्हणावे.

धर्मशिक्षक बंधुभगिनींना आणि पालकांना आमची विनंती एवढीच की, यंदा मुलांपुढे नमुन्याचे कार्ड ठेवू नये. त्याऐवजी एक प्रश्न ठेवावा: आज रात्री येशू आपल्या गावात जन्मला, तर आपल्या घरातून त्याला काय नेता येईल? उत्तर येईल ते कागदावर उतरू द्यावे. ते फुगीर झाले, पाकिटात बसले नाही, तर मोठे पाकीट करावे. सरकी काढू नये.