कादंबरींतील भय आणि पडद्यावरील भय

आवडत्या कादंबरीवर चित्रपट निघाला म्हणजे वाचकाच्या मनांत दोन विरोधी भावना एकदमच उभ्या राहतात. ज्या जगांत आपण एकट्यानें वावरलों तें आतां डोळ्यांनीं पाहावयास मिळणार याचा त्याला आनंद होतो. आणि तें आपलें जग नसलें तर, ही धाकधूकही वाटते. इतर कादंबऱ्यांच्या बाबतींत हा विरोध बहुधा लवकर मिटतो. भयकथेच्या बाबतींत तो सहसा मिटत नाहीं, आणि त्याचें कारण भयानक रसाच्या स्वरूपांतच आहे.

भयकथेंतील भूत अर्धें लेखकानें घडविलेलें असतें व उरलेलें अर्धें वाचकानें. लेखक दाराबाहेर पाऊल वाजवितो; त्या पावलाला देह देण्याचें काम वाचक स्वतःच्या भीतीच्या सामग्रीनें करतो. पडद्यावर तो देह आयता मिळतो, आणि मग वाचक म्हणतो, ‘हें माझें भूत नव्हे.’

स्टीफन किंग या अमेरिकन कादंबरीकारांची ‘द शायनिंग’ ही कादंबरी १९७७ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तीवरून स्टॅन्ली क्यूब्रिक यांनीं काढलेला चित्रपट १९८० सालीं आला. जॅक टॉरन्स हा नोकरी गमावलेला शिक्षक व होतकरू लेखक. मद्याच्या आहारीं गेला असतां त्यानें एकदां आपल्याच मुलाचा हात मोडलेला आहे. कोलोरॅडोच्या डोंगरांतील एक मोठें हॉटेल हिवाळ्यांत बंद असतें. त्याची राखण करण्यासाठीं तो पत्नी वेंडी व लहानगा डॅनी यांना घेऊन तेथें राहावयास जातो. भरतमुनींनीं भयानक रसाच्या विभावांत ओसाड घराची गणना केली आहे. येथें तें घर बर्फानें वेढलेलें आहे, इतकेंच.

चित्रपटावर वाचकांचे दोन आक्षेप आहेत, आणि त्यांची किंमत सारखी नाहीं.

पहिला आक्षेप असा, कीं प्रसंग बदलले. कादंबरींत बागेंतील झुडपें कातरून केलेलीं जनावरें नजर वळतांच जागा सोडतात. चित्रपटांत त्यांच्या जागीं झुडपांचा भुलभुलैया आहे. कादंबरींत बॉयलर फुटून हॉटेल जळून जातें. चित्रपटांत जॅक भुलभुलैयांत गोठून मरतो व हॉटेल उभें राहतें. हॅलोरन हा आचारी कादंबरींत वांचतो, चित्रपटांत मारला जातो. ही यादी खरी, पण आक्षेप पोकळ आहे. १९९७ सालीं याच कथेची तीन भागांची दूरदर्शनमालिका निघाली. तिची पटकथा खुद्द किंग यांनीं लिहिली व तींत तीं जनावरें परत आणलीं. संगणकाच्या साहाय्यानें हलविलेलीं तीं झुडपें पाहून मात्र अंगावर कांटा येत नाहीं. नजर वळल्यावर जें हलतें त्याच्यावरच कॅमेऱ्यानें नजर रोंखली, तर भय उरावें कोठें?

प्रसंग राखल्यानें भय राखलें जात नाहीं. तें झांकल्यानें राखलें जातें. शर्ली जॅक्सन यांच्या १९५९ च्या ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस’ या कादंबरीवरून रॉबर्ट वाइझ यांनीं १९६३ सालीं काढलेल्या चित्रपटांत भूत दिसतच नाहीं. भिंतीवर ठोके पडतात आणि बंद दार आंत फुगून येतें, एवढेंच. १९९९ च्या चित्रपटानें तेंच भूत यंत्रकौशल्यानें सविस्तर दाखविलें आणि भयाचा केवळ देखावा झाला. क्यूब्रिक यांना हें मर्म चांगलें ठाऊक होतें. ओसाड दिवाणखान्यांतून डॅनी तीनचाकी गाडी हांकीत जातो. लाकडी जमिनीवर चाकें घडघडतात, गालिच्यावर आवाज एकदम नाहींसा होतो. येथें प्रेक्षक वाचकाइतकाच एकटा पडतो.

दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. किंग यांचा जॅक मुलावर जीव टाकणारा बाप आहे. सुटलेलें मद्य, मोडलेल्या हाताची लाज आणि पुन्हा उभें राहण्याची धडपड हीं आपण जवळून पाहिलेलीं असतात. म्हणूनच तो ढांसळतांना आपल्या पोटांत कालवतें. ज्या हातानें थोपटावें तोच उगारला जावा, हें त्या पुस्तकांतलें खरें भय. शेवटीं क्षणभर तो बाप शुद्धीवर येतो आणि मुलाला पळून जावयास सांगतो. तेथें भयानक रस करुणाच्या आधारानें उभा आहे. जॅक निकल्सन यांनीं रंगविलेला जॅक आरंभापासूनच बिथरलेला वाटतो, आणि शेवटचा तो क्षण चित्रपटांत नाहींच. जो मुळांत फारसा उंचावर नाहीं, त्याच्या पडण्याचें दुःख तें काय व्हावें? किंग यांनीं या चित्रपटाविषयीं आपली नाराजी उघडपणें बोलून दाखविली आहे, आणि या मुद्द्यापुरता न्याय त्यांच्या बाजूला आहे.

१९९७ च्या मालिकेंत बापाची माया परत आली, पण भय निघून गेलें. १९८० च्या चित्रपटांत भय आहे, पण माया नाहीं. दोन्ही एकत्र नांदतात तीं पुस्तकांतच. म्हणून चित्रपटगृहांतून भिऊन आणि तरीही हळहळत बाहेर पडणाऱ्या वाचकाला आम्हीं चंचल म्हणणार नाहीं. त्याची भीति ही क्यूब्रिक यांच्या कलेला मिळालेली पावती आहे. आणि त्याची हळहळ त्या बापासाठीं आहे, ज्याला पुस्तकांत एकदां तरी ‘पळ’ म्हणतां आलें.