सांवेर रोड, विलंबित लयीत

इंदूर ते उज्जैन 55 किलोमीटर. लोक तासाभरात उरकतात. माझं सांगणं असं की, थंडीतल्या एखाद्या रविवारी पोहे-जिलबी खाऊन स्कूटर काढावी आणि अख्खा दिवस ह्या रस्त्याला द्यावा. उस्ताद अमीर खाँसाहेब ह्याच इंदूरचे. झूमऱ्यात ते इतका विलंबित ख्याल मांडत, की दोन मात्रांमधली रिकामी जागासुद्धा ऐकू यायची. सांवेर रोडचा रस त्याच कानाने घ्यावा लागतो.

ह्या वाटेचा षड्ज म्हणजे कान्ह नदी, म्हणून सुरुवात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून करावी. जुनी माणसं तिला खान म्हणतात. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकर यांच्या छत्र्या तिच्या काठाशी उभ्या आहेत. कोवळ्या उन्हात दगडाची नक्षी उजळते, खाली पाणी मात्र काळं. इथून नदी उत्तरेला निघते आणि आपणही. पुढे ती दिसत नाही, पण तंबोऱ्यासारखी सतत मागे असते.

बाणगंगा मागे पडली की कारखाने लागतात. औषधांचे, प्लास्टिकचे, नमकीनचे. हा तुकडा बहुतेकांना नकोसा वाटतो. मला तो हवा असतो. बेसन आणि तापलेलं तेल यांचा वास रस्त्यावर येतो, आणि सकाळी पोह्यांवर भुरभुरलेल्या शेवेचा उगम कळतो. शहराचं पोट कशावर चालतं ते इथे दिसतं.

मग लवकुश चौराहा, आणि हळूहळू भिंती संपतात. धरमपुरीच्या आसपास एकदा तरी स्कूटर बाजूला लावावी. सोयाबीन केव्हाच निघालेलं असतं. त्याच काळ्या जमिनीत आता गहू, हरभरा, लसूण. ढेकूळ हातात घेऊन बघा: वरून कोरडं, दगडासारखं, फोडलं की आत गार, ओलसर. माळव्याची माती ओल धरून ठेवते ती अशी.

सांवेरला उलट्या हनुमानाचं देऊळ आहे. अहिरावणाने राम-लक्ष्मणांना पळवून नेलं तेव्हा मारुतीने इथूनच पाताळात उडी घेतली, अशी श्रद्धा. शेंदराने माखलेला मुखवटा खाली डोकं करून आहे. कपाळ खाली, हनुवटी वर. समोर आलेला प्रत्येकजण नकळत मान वाकडी करतो. लहान मुलं तर थेट कमरेत वाकून, पायांमधून बघतात, आणि खरं दर्शन त्यांनाच घडतं. बाकीचे मारुती बहुधा उड्डाणात किंवा हात जोडून असतात. इथे उडीचा मधला क्षण पकडलाय. शिल्प म्हणून मूर्ती साधीच, पण ही कल्पना थोर आहे. सबंध प्रवासातली सम मला इथे सापडते.

सांवेरनंतर रस्ता सरळ होतो आणि मन मागे जातं. इकडे इंदूरला होळकर, तिकडे उज्जैनला शिंदे. 1801च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. ऑक्टोबरात शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटगे इंदूरवर आले आणि शहर लुटलं. दोन मराठी दौलती तीन-चार महिन्यांत एकमेकींवर चालून गेल्या. आज त्याच मुलखातून आपण दुपारच्या उन्हात डबा खात चाललोय, ह्याचं मला दरवेळी नवल वाटतं.

उज्जैनच्या वेशीवर त्रिवेणी. शनिमंदिराशेजारचा घाट, आणि सकाळी छत्र्यांपाशी सोडलेली कान्ह इथे क्षिप्रेला मिळते. पण तिचं पाणी इतकं मळकं की पर्वस्नानाच्या वेळी मातीचा बांध घालून तिला अडवतात. 2016च्या सिंहस्थासाठी तर तिचं पाणी उज्जैनच्या अलीकडूनच नळांतून वळवलं आणि कालियादेह महालाच्या पुढे नेऊन सोडलं. दिवसभर जिने सोबत केली, तिलाच घाटावर मज्जाव. इथे सूर तुटतो, आणि तो तोडणारे आपणच.

वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं येणाऱ्या इंदूरच्या माणसांनो, रस्ता सहापदरी होतोच आहे. 2028च्या सिंहस्थाआधी नदीही धुऊन पाठवा.