वर्गातला पॉडकास्ट : आवाज कुणाचा?

शाळा-महाविद्यालयांत पॉडकास्ट करण्याची टूम निघाली आहे. मोबाईल हाताशी आहे, त्यामुळे खर्चाची सबबही फारशी उरलेली नाही. आमचा विरोध नाही, पण जे ऐकायला मिळतं त्याची चिकित्सा व्हायला हवी. होतं काय, की आधी संगीत, मग मुख्याध्यापकांचं मनोगत आणि नंतर एखादी मुलगी निवेदिकेच्या थाटात धड्याचा सारांश वाचते. कागदावरचं गाईड कानावर आलं, एवढाच फरक!

प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिसची लिखित शब्दाविषयी तक्रार आहे : त्याला काहीही विचारा, तो पुन्हा तेच सांगतो. मुद्रित आवाजाचंही तसंच आहे. वर्गात हात वर करून सरांना थांबवता येतं, पॉडकास्टला ‘हे कसं?’ असं विचारता येत नाही. म्हणून ऐकवायचाच असेल तर पाच मिनिटं ऐकावं, थांबावं, आणि मुलांना प्रश्न काढू द्यावेत.

मुलं स्वतः पॉडकास्ट करतात तेव्हा मात्र माणूस समोर बसलेला असतो. त्याला उलट विचारता येतं. आपल्या जिल्ह्याचंच घ्या. खरिपाची ज्वारी मागे पडली, शिवारात सोयाबीन आलं. नातवानं विचारलं, ‘आजोबा, ज्वारी का सोडली?’ आजोबा म्हणतील, ‘परवडंना.’ सारांश लिहिणारा इथं थांबतो. खरी मुलाखत इथून सुरू होते. परवडेना म्हणजे काय? मजुरी वाढली, की भाव पडला? पाखरं राखायला माणूस मिळेना का? कडबा गेला, मग जनावरांचं काय झालं? हा दुसरा प्रश्न सुचणं, हेच आम्ही शिक्षण समजतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात तरी आम्ही वेगळं काय शिकवत होतो?

आणखी एक गोष्ट खटकते. आजी ‘पोरं काम करायलेत’ म्हणते, आणि मुलगा निवेदनात ते ‘मुले काम करत आहेत’ असं दुरुस्त करतो. त्याला वाटतं, आपली बोली मायक्रोफोनच्या लायकीची नाही. ही समजूत शाळेनंच त्याला दिलेली असते, बरं का!

उत्तम नमुना मराठीतच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या. तिथे गाणारीचं नाव असतं, गाव असतं, शब्द तिच्या बोलीतले असतात. ज्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं, त्या बायांचं म्हणणं त्यामुळे टिकलं. गंगाखेड हे जनाबाईचं गाव. दळताकांडताना सुचलेल्या शब्दाची थोरवी आपल्याला बाहेरून कुणी सांगायची गरज नाही.

म्हणून शिक्षकांना आमचं सांगणं एवढंच : वीस मिनिटांचं बोलणं पाच मिनिटांवर आणताना काय कापलं, हे मुलांना वर्गात सांगायला लावा. आणि जोडलेला भाग आधी त्या आजीला ऐकवा. ‘मी असं म्हणले नव्हते’ असं ती म्हणाली, तर तो पुन्हा करावा. गुण त्यानंतर द्यावेत.