विरह आणि भ्रमनिरास : शाहिरी बाडांविषयीं एक विचार

ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांनीं १८९३ सालीं मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापण्यांत पुढाकार घेतला व पुढें ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिलें. त्यामुळें जुनीं हस्तलिखितें जपण्याची चाड या प्रांतास नवी नाहीं. तथापि संतपंडितांच्या पोथीचा मान शाहिरांच्या बाडास मिळाला नाहीं. त्यांतही पोवाडा इतिहासाचें साधन म्हणून वांचला. ॲक्वर्थ व शाळिग्राम यांचा संग्रह १८९१ सालींच निघाला. विरहाची लावणी मात्र शृंगाराच्या सदरांत वेगळी पडली. ही वांटणी आम्हांस चुकीची वाटते.

तुलनेसाठीं एक दूरचें उदाहरण घेतों. दक्षिण अमेरिकेंतील ब्वेनोस आयरेस शहरीं ‘टँगो’ नांवाचा नृत्यगीतप्रकार आहे. त्यांतील विरहगीतांचा आरंभ बहुधा पास्कुआल कोंतुर्सी याच्या शब्दांपासून धरतात. तें गीत गार्देल या गायकानें १९१७ सालीं ध्वनिमुद्रित केलें. तेथें टाकलेला पुरुष स्वतःच बोलतो. पुढें १९३० सालीं दिसेपोलो या कवीनें तोच विषाद अवघ्या जगावर उलटविला : संकटांत पडलेल्यास कोणी विचारीत नाहीं. विरह व भ्रमनिरास हीं दोन्ही तेथें एकाच गीतप्रकारांत नांदतात.

आमच्याकडे तसें नाहीं. लावणींत बोलते ती स्त्री, रचणारा पुरुष, आणि गाणाराही बहुधा पुरुषच. होनाजीनें रचावें व बाळानें गावें हें तर प्रसिद्धच आहे. पति मोहिमेवर गेला आहे. ती कोपते, झुरते, पण तो परतेल हा तिचा भरंवसा सहसा सुटत नाहीं. एवढ्यावरून लावणीचें दुःख वरवरचें ठरविणाऱ्या टीकाकारांनीं बाडाचें पुढील पान उलटलेलें नसतें. प्रभाकरानें (मृत्यु १८४३) शृंगाराच्या लावण्या रचिल्या, तसे दुसऱ्या बाजीरावाच्या ऱ्हासावर पोवाडेही रचिले. बाजीराव ३ जून १८१८ रोजीं माल्कमच्या स्वाधीन झाला व बिठुरास गेला. १८५१ सालीं तेथेंच वारला. हा धनी परतणार नव्हता. लावणींतील स्त्रीचा आर्त स्वर येथें शाहिराच्या स्वतःच्या तोंडीं आला आहे, असें आमचें मत आहे. आणि स्त्रीच्या मुखवट्याची त्यास आतां गरज उरली नाहीं.

यासाठीं बाड कोठचें हें पाहणें अगत्याचें. ठाणें १७७४ अखेर इंग्रजांनीं घेतलें व १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांजकडेच राहिलें. कल्याणावर मात्र १८१७ पर्यंत पेशव्यांचा अंमल होता. एकाच खाडीकांठीं दोन राज्यें! कल्याणच्या घरीं उतरून घेतलेला पोवाडा आपल्या धन्याविषयींचा. तोच ठाण्यास उतरला तर शेजारच्या राज्याची वार्ता. ही आमची अटकळ आहे, आणि उतारकारानें काय गाळलें, काय वाढविलें, हें ताडून ती तपासतां येईल. परंतु बाडें उसवून लावण्या एका रुमालांत व पोवाडे दुसऱ्यांत बांधण्याची जी खोड संग्राहकांस आहे, तिनें हा पुरावाच नाहींसा होतो. (य. न. केळकरांनीं १९५६ सालीं आपल्या संग्रहास ‘अंधारांतील लावण्या’ हें नांव दिलें, तें उगीच नव्हे.) ज्यांजपाशीं अशीं अखंड बाडें असतील त्यांनीं तीं उसवण्यापूर्वीं पानांचा मूळ अनुक्रम, अक्षराचें वळण व बाड ज्या घरीं मिळालें तें गांव एवढें तरी टिपून ठेवावें.