पवनऊर्जा संशोधन आणि स्थानिक संदर्भ : तुमसरच्या निमित्ताने एक चिकित्सा

गोषवारा : महाविद्यालयीन पातळीवर पवनऊर्जेसंबंधी होणाऱ्या अभियांत्रिकी संशोधनात संगणकीय प्रतिमाने विपुल आणि प्रत्यक्ष मोजणी अल्प असते. प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा भंडारा जिल्ह्यातील तुमसर परिसराच्या संदर्भात केली आहे. वारा स्थानसापेक्ष असल्यामुळे स्थानाचा विचार टाळणारे निष्कर्ष अपुरे ठरतात, तसेच या उणिवेचे मूळ संशोधनाच्या मूल्यमापन पद्धतीत आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : पवनऊर्जा, अपारंपरिक ऊर्जा, स्थानिक मोजणी, धानाचे तूस, संशोधनाचे मूल्यमापन, तुमसर.

प्रस्तावना :
धानाची बाजारपेठ आणि मँगेनीजच्या खाणी ही तुमसर तालुक्याची दुहेरी ओळख आहे. चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणी मॉइल या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या आहेत. या कंपनीने पवनऊर्जेत गुंतवणूक केली, तेव्हा पवनचक्क्या या खाणींजवळ उभारल्या नाहीत. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात नागदा व रातेडी या टेकड्यांवर अनुक्रमे ४.८ आणि १५.२, म्हणजे एकूण २० मेगावॅट क्षमतेचे प्रकल्प तिने उभे केले. तुमसरपासून शेकडो किलोमीटर दूर जाण्याचे कारण उघड आहे. गुंतवणूक करणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘वारा कोठे आहे?’ हा असतो. महाविद्यालयीन संशोधनात मात्र हाच प्रश्न अनेकदा विचारला जात नाही.

प्रचलित संशोधनाचे स्वरूप :
या विषयावरील शोधनिबंधांचा एक साचा अध्यापकांच्या परिचयाचा आहे. आरंभी ऊर्जासंकट व जागतिक तापमानवाढ यांचा उल्लेख येतो. त्यानंतर जनित्राचे गणिती प्रतिमान मांडले जाते. मग मॅटलॅबमध्ये कमाल शक्तिबिंदूचा मागोवा घेणाऱ्या नियंत्रकाचे सिम्युलेशन होते आणि अखेरीस सुचविलेली पद्धत अधिक कार्यक्षम असल्याचा निष्कर्ष निघतो. या सर्व प्रक्रियेत वाऱ्याचा वेग सेकंदाला १२ मीटर असा गृहीत धरलेला असतो. तो कोणत्या गावचा, कोणत्या महिन्यातला आणि किती उंचीवरचा, याचा खुलासा क्वचितच आढळतो. १२ हा आकडा सामान्यतः पवनचक्की पूर्ण क्षमतेने चालू लागते त्या वेगाच्या जवळपासचा आहे. म्हणजे यंत्राला सोयीची असलेली स्थिती येथे निसर्गाची स्थिती म्हणून स्वीकारली जाते.

गृहीतकाची किंमत :
वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सेकंदाला १२ मीटर वेगाच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला सुमारे १,०४० वॅट शक्ती असते, तर ३ मीटर वेगाच्या वाऱ्यात ती केवळ १६ वॅट उरते. वेग चौपटीने घटला की शक्ती चौसष्ट पटींनी घटते. त्यातही बेट्झच्या सिद्धान्तानुसार आदर्श पवनचक्कीलासुद्धा ५९.३ टक्क्यांहून अधिक शक्ती काढून घेता येत नाही.

आणखी दोन बाबी दुर्लक्षित राहतात. पहिली अशी की, सरासरी वेगाचा घन आणि वेगांच्या घनांची सरासरी या भिन्न राशी आहेत. वेगाचे वितरण रॅले प्रकारचे मानल्यास दुसरी राशी पहिलीच्या सुमारे १.९ पट येते. केवळ सरासरी वेग घेऊन केलेले गणित त्यामुळे मुळातच चुकते. दुसरी बाब उंचीची. १० मीटर उंचीवरील नोंदीवरून ८० मीटरवरील वेग काढताना घातांक ०.१४ धरला की ०.२० धरला, यावर अंदाजित शक्तीत ४० टक्क्यांहून अधिक फरक पडतो. नियंत्रकाची कार्यक्षमता दोन-तीन टक्क्यांनी सुधारल्याचा दावा या अनिश्चिततेपुढे फारच लहान ठरतो.

महाराष्ट्रातील अनुभव हेच सांगतो. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडीचे पठार किंवा धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल ही नावे पवनऊर्जेशी जोडली गेली, ती तेथील भूरचनेमुळे. पावसाळ्यातील नैर्ऋत्य वारा सह्याद्रीच्या माथ्यावर वेग घेतो. पूर्व विदर्भाच्या सखल भागाला असा लाभ नाही. राज्याची पवनऊर्जेची स्थापित क्षमता ५,००० मेगावॅटच्या पुढे गेली असली, तरी त्या आकड्यावरून तुमसरच्या वाऱ्याविषयी कोणताच निष्कर्ष काढता येत नाही.

प्रोत्साहनाचा प्रश्न :
हा दोष केवळ संशोधकाचा मानणे अन्यायाचे होईल. देशाच्या पवनऊर्जा धोरणातच याला समांतर असा प्रसंग घडला आहे. १९९० च्या दशकात पवनचक्कीच्या खर्चावर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसाऱ्याची करसवलत मिळत असे. पुढे ती ८० टक्के झाली. सवलत यंत्र उभारल्याबद्दल होती. वीज किती निर्माण झाली याच्याशी तिचा संबंध नव्हता. परिणामी करबचत हाच काही गुंतवणूकदारांचा मुख्य हेतू झाल्याची टीका झाली. २००९ मध्ये प्रत्यक्ष निर्मितीवर प्रतियुनिट ५० पैसे देणारी योजना आली, ती या उणिवेवरचा उपाय म्हणून.

उच्च शिक्षणातही २०१० च्या नियमावलीने एपीआय गुणांकन आणले आणि प्रकाशनांची संख्या पदोन्नतीशी जोडली गेली. एक वर्ष वारा मोजणाऱ्या अध्यापकाच्या हाती वर्षाअखेरीस एकच निबंध येतो. सिम्युलेशन करणाऱ्याच्या हाती तेवढ्याच काळात अनेक येतात. उभारणीवर सवलत दिल्यास उभारणी वाढते आणि प्रकाशनावर गुण दिल्यास प्रकाशने वाढतात. उपयोग वाढेलच, याची हमी दोन्हीकडे नाही.

एक आक्षेप :
विज्ञान सार्वत्रिक असते, तुमसरच्या संशोधकाने तुमसरपुरतेच का लिहावे, असा आक्षेप येथे संभवतो. तो काही अंशी रास्त आहे. नियंत्रकाचे प्रतिमान कोठेही बसून विकसित करता येते आणि साधनांची टंचाई असलेल्या महाविद्यालयाला सिम्युलेशन हाच परवडणारा मार्ग असतो. परंतु सार्वत्रिक प्रतिमानाची कसोटी कोणत्या तरी विशिष्ट ठिकाणच्या नोंदींवरच लागते. त्या नोंदी ब्राह्मणवेलच्या असल्या तरी चालतील. त्या असल्या पाहिजेत.

तुमसरपुढील विषय :
शिवाय, तुमसरला वारा पुरेसा नाही हे मोजून सिद्ध करणे हेही संशोधनच आहे. महाविद्यालयाच्या गच्चीपासून दूर, मोकळ्या जागी १० मीटरचा खांब, त्यावर वेगमापक आणि बारा महिन्यांची अखंड नोंद एवढ्या साधनांवर विद्यार्थ्यांना हे काम सुरू करता येईल. असा नकारात्मक निष्कर्षही शेतकरी, ग्रामपंचायत वा लघुउद्योजक यांना चुकीच्या खर्चापासून वाचवू शकतो.

परिसरातील अन्य ऊर्जास्रोतही अभ्यासकांची वाट पाहत आहेत. राइस मिलमध्ये १०० किलो धानामागे सुमारे २० किलो तूस निघते. त्याच्या राखेत सुमारे ९० टक्के सिलिका असते व ती बॉयलरमध्ये साचते. तुसाचा ओलावा, हंगामी साठवण, राखेचा विनियोग हे सर्व अस्सल अभियांत्रिकी प्रश्न आहेत. सूर्याची ऊर्जा येथे दर चौरस मीटरला दिवसाला सरासरी सुमारे ५ युनिट मिळते. उन्हाळी धानाला पाण्याची गरज आणि उन्हाची तीव्रता यांचा काळ एकच असल्याने सौरपंप व भूजल यांचा एकत्रित अभ्यास येथे विशेष उपयुक्त ठरेल. कारण पंप सौर झाला तरी भूजल अमर्याद होत नाही.

समारोप :
पवनऊर्जा संशोधनाची उणीव गणिताच्या कौशल्यात नाही, ती प्रश्नाच्या निवडीत आहे. समीक्षक मंडळांनी प्रत्येक निबंधाला वाऱ्याच्या नोंदीचे स्थान, उंची व कालावधी विचारला आणि नकारात्मक निष्कर्षांनाही प्रकाशनयोग्य मानले, तर या स्थितीत बदल होऊ शकेल. त्यासाठी नव्या नियमावलीची वाट पाहण्याचे कारण नाही. ही सुरुवात महाविद्यालयीन नियतकालिकांना आपल्या पुढील अंकापासूनच करता येण्याजोगी आहे.