नाममुद्रा कोणी कापली?

'हे कोणी रचले?' हा प्रश्न मराठी समीक्षेने फार सोपा करून टाकला आहे. मुखपृष्ठावर ज्याचे नाव तो लेखक. माहितीपट संपताना ज्याचे नाव पडद्यावर एकटे येते तो कर्ता. छापखाना आणि कॅमेरा ज्यांच्या हातात होता त्यांना हा हिशेब सोयीचा आहे. परंतु ज्यांचे वाङ्मय गळ्यात राहिले, जलशात राहिले, परळ-लालबागच्या गिरण्यांच्या गेटवर आणि चाळींच्या पटांगणात राहिले, त्यांच्या बाबतीत हा हिशेब नेहमी चुकतो. तो चुकतो कसा, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्या परंपरेत एक जुना भेद आहे, तो आधी ध्यानात घ्यावा. 'लेखक' या शब्दाचा जुना अर्थ लिहून घेणारा असा होता. ज्ञानेश्वरीच्या शेवटी सच्चिदानंदबाबा 'लेखकु' आहेत. म्हणून कोणी त्यांना ज्ञानेश्वरीचे कर्ते म्हणत नाही. चोखोबांचे अभंग अनंतभट्टाने लिहून ठेवले असे परंपरा सांगते. भट्ट हे नावच त्याची जात सांगते. लेखणी त्याच्या हातात होती, अक्षर त्याचे होते, पण अभंग चोखोबांचेच राहिले. कारण अभंगाच्या शेवटच्या चरणात रचणाऱ्याने आपले नाव गुंफले होते. नाममुद्रा ही अशी सही, की ती कागदाच्या कोपऱ्यात नसते, रचनेच्या आत असते. रचना जिथे जाईल तिथे नाव जाते. लिहून घेणाऱ्याने ते गाळायचे म्हटले तर चरणच मोडतो.

म्हणून त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. चोखोबांच्या हाती लेखणी का नव्हती, याचे उत्तर वर्णव्यवस्थेने दिलेले आहे. आणि सोयराबाईंची नाममुद्रा पाहा. ती आपली सही नवऱ्याच्या नावाने आणि आपल्या जातीच्या नावाने करते. नाममुद्रेतही पुरुषसत्ता होती, जात होती. तरीसुद्धा एक गोष्ट त्या व्यवस्थेलाही पुसता आली नाही. रचणारा वेगळा आणि टिपणारा वेगळा, हे तिथे सर्वांना ठाऊक होते.

शाहिरीने हीच रीत पुढे चालवली. पोवाड्याच्या अखेरीस शाहिराचे नाव येते, तसे लावणीच्या आणि छकडीच्या अखेरीसही येते. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा गिरणगावातल्या ज्या कामगाराला अक्षर येत नव्हते तोही शेवटचे कडवे ऐकून शाहीर कोण हे सांगू शकत होता. वामनदादा कर्डकांचे गीत खेड्यातल्या बाईच्या तोंडी गेले तरी 'वामन' त्यात बसलेला असतो. निरक्षर समाजाने कर्तृत्व जपण्यासाठी शोधलेले हे शास्त्र आहे. त्याला शास्त्र म्हणायला विद्यापीठे तयार नाहीत, एवढेच.

इथे घरची एक गोष्ट सांगतो. माझे थोरले चुलते, तात्या, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते आणि रात्री पोयबावडीकडच्या चाळींतून जलशात गात. संप मोडल्यानंतरच्या काळात शहरातल्या एका संस्थेतून एक अभ्यासक तरुण टेपरेकॉर्डर घेऊन आला. वागायला नम्र होता. तात्यांनी त्याला चहा पाजला आणि आपण स्वतः रचलेली चार गाणी म्हणून दाखवली. काही वर्षांनी त्यातले एक गाणे छापून आले. पहिली तीन कडवी होती, चौथे नव्हते. वर शीर्षक होते 'लोकगीत' आणि खाली 'परळ विभाग'. मी वाचून दाखवले. तात्या चिडले नाहीत. म्हणाले, "अरे, माझं नाव चौथ्या कडव्यात होतं. ते त्यानं कुठं ठेवलं?" जागा कमी पडली म्हणून गाळले असेल, असे मी म्हणालो. ते म्हणाले, "मग पहिलं गाळायचं होतं."

त्या तरुणाने चोरी केली असे मी म्हणत नाही. त्याचा हेतूही वाईट नव्हता. त्याला गाण्याचे ध्रुपद हवे होते, त्यातली गिरणी हवी होती, शोषणाचा दाखला हवा होता. नाव नको होते, कारण त्याच्या अभ्यासात तात्या कवी नव्हते, माहिती देणारे होते. प्रश्न माणसाच्या नीतीचा नाही, मोजमापाचा आहे. एकाचे नाव शेवटच्या कडव्यात असते, दुसऱ्याचे मुखपृष्ठावर. आणि कात्री नेहमी शेवटच्या कडव्यावर चालते.

ही कात्री कायद्यातही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संगीतकृतीची जी व्याख्या केली तीत स्वररचना छापलेली, लिहिलेली किंवा आलेखाने उतरवलेली असावी अशी अट होती. म्हणजे स्वरलिपी न येणाऱ्या शाहिराने बांधलेली चाल कायद्याच्या नजरेत संगीतच नव्हती. ही अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली. गाणाऱ्याचा, सादर करणाऱ्याचा हक्क म्हणून काही असतो हेही त्याच दुरुस्तीने मान्य केले. गिरणगावाचे कलापथक तोवर थकलेले होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने अडीच लाखांच्या घरातल्या कामगारांची घरे हलवलेली होती. आणि चित्रपटाचा कर्ता कोण? आजचा कायदा सांगतो, निर्माता. पैसा उभा करणारा तो कर्ता, आणि ज्याचे दुःख पडद्यावर येते त्याला या व्याख्येत जागाच नाही.

चित्रपटाच्या अभ्यासकांनी कर्तेपण निर्मात्याकडून काढून दिग्दर्शकाकडे दिले. फ्रान्समध्ये १९५४ साली फ्रांस्वा त्रुफो यांनी लेख लिहिला, तेव्हापासून दिग्दर्शक हाच चित्रपटाचा खरा कवी असे मत रुजत गेले. पुढे १९६७ साली रोलाँ बार्थ यांनी लेखक मेला असे लिहिले. आमच्याकडे बाबुराव बागूल यांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चे आणि नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ चा. ज्या दशकात दलित माणूस प्रथमच मुखपृष्ठावर आपले नाव पाहत होता, त्याच दशकात तिकडे लेखकाचे सुतक पाळले जात होते. त्या सुतकात आम्ही का बसावे?

आता माहितीपटाकडे वळू. आनंद पटवर्धन यांचा 'हमारा शहर' १९८५ चा. मुंबईच्या झोपडपट्ट्या पाडल्या जात होत्या, त्या माणसांचा हा चित्रपट. त्यात शाहीर विलास घोगरे यांचे गाणे आहे. त्यातच एक प्रसंग आहे. उघड्यावर आलेली एक बाई कॅमेऱ्यालाच जाब विचारते. तिच्या बोलण्याचा आशय असा की, गरिबांची चित्रे घेऊन तुमचे नाव होईल, आमचे काय होणार? पटवर्धनांनी हा प्रसंग कापला नाही. त्याबद्दल त्यांना मान दिला पाहिजे. बहुतेकांनी तो कापला असता.

परंतु पुढे काय झाले ते पाहा. या प्रसंगाविषयी अभ्यासकांनी लिहिले ते दिग्दर्शकाच्या प्रामाणिकपणाचा, आत्मपरीक्षणाचा पुरावा म्हणून. बाईने प्रश्न विचारला आणि श्रेय जमा झाले ते ज्याला विचारला त्याच्या खात्यावर. मी वाचलेल्या लिखाणात ती 'एक स्त्री' आहे, तिला नाव नाही. माझ्या मते माहितीपटातल्या कर्तेपणाची सर्वांत नेमकी समीक्षा त्या बाईने केली आहे, तीही एका दमात आणि उभ्या जागी. तिची समीक्षासुद्धा दुसऱ्याच्या नावावर चढावी, याहून तिच्या म्हणण्याला दुसरा पुरावा कोणता हवा?

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, १० माणसे मेली. त्यानंतर चार दिवसांनी विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. त्या वेळी त्यांनी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. लाल झेंड्याखाली गाणारा हा शाहीर. त्याने अखेरचे आपले नाव कोणत्या रंगात लिहिले, हे त्या पट्टीने सांगितले. तीही एक नाममुद्राच होती. पटवर्धनांनी ती वाचली, आणि तिचा अर्थ शोधण्यात १४ वर्षे घालवली. 'जय भीम कॉम्रेड' हा तीन तासांहून लांब चित्रपट २०११ साली पुरा झाला.

या चित्रपटाचा कर्ता कोण? प्रश्नपत्रिकेतले उत्तर पटवर्धन हे आहे आणि ते खोटे नाही. चित्रण, संकलन, १४ वर्षांची चिकाटी त्यांची. पण चित्रपट पुढे नेतात ती गाणी. घोगरे यांची, संभाजी भगत यांची, कबीर कला मंचाच्या तरुणांची. ही गाणी काढून घेतली तर गोळीबाराचा अहवाल उरेल. 'जय भीम कॉम्रेड' उरणार नाही. दृश्यांचा क्रम दिग्दर्शकाने लावला, पण त्या क्रमातून वाहणारा विचार वस्त्यांत, जलशांत, आंबेडकरी गायनपार्ट्यांत आधीच रचला गेला होता. पटवर्धन इथे अनंतभट्टाच्या जागी आहेत. मी हे हिणवून म्हणत नाही. अनंतभट्ट नसता तर चोखोबा आपल्यापर्यंत कितपत पोचले असते हे सांगता येत नाही. आक्षेप टिपणाऱ्याच्या कामावर नाही. टिपणाऱ्यालाच रचणारा समजणाऱ्या समीक्षेवर आहे.

हे टाळता येते, याचे दाखले आपल्याजवळ आहेत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४ साली पुस्तकरूपाने आणला. मुखपृष्ठावर दोघींचीच नावे आहेत, तरी आत कामगार आपापल्या नावाने बोलतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे काम केले. लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि गाणाऱ्या बायांची व गावांची नावे नोंदली गेली. माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बाबासाहेबांवरच्या ओव्या टिपल्या, त्याही गाणारणींच्या नावांनिशी. ओवी पिढ्यान्‌पिढ्यांची असते, ती एकटीची नसते, हे त्यांना ठाऊक होते. तरी ती कोणाच्या तोंडून आली हे लिहिणे त्यांनी टाळले नाही. 'लोकगीताला कवी नसतो' असे म्हणून हात झटकणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे आहे.

पण विद्यापीठाची तागडी अजून जुनीच आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या संशोधनाला गुण देण्याची पद्धत आणली. निबंधाला इतके, पुस्तकाला इतके. कोणी कोणाला किती वेळा उद्धृत केले याचीही मोजदाद होते. शाहिरावर निबंध लिहिणाऱ्याला गुण आहेत. शाहिराला कुठलाच रकाना नाही. एक पोवाडा दहा प्रबंधांत आला तर दहा संशोधक वाढतात, शाहीर जिथे होता तिथेच राहतो. या मोजणीत कर्तृत्व मोजले जात नाही, कागदाजवळ कोण बसला आहे ते मोजले जाते.

दोष सगळा परक्यांच्या माथी मारून आपण सुटू असे मात्र नाही. ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर फिरा. पुस्तकांचे, गाण्यांचे ठेले लागलेले असतात. गायकाचा फोटो मोठा, कंपनीचे नाव ठळक. गीतकाराचे नाव कधी बारीक अक्षरात, कधी नाहीच. मंचावर वेळ कमी असला की आपलेही गायक शेवटचे कडवे सोडून टाळ्या घेतात. स्त्रियांच्या रचनांची आपण काय व्यवस्था लावली? आजीने रचलेला पाळणा घरात गायला जातो, नाव विचारले तर 'बायका म्हणायच्या' हे उत्तर मिळते. ज्या चळवळीने माणसाला नाव मिळवून दिले तिने हे करावे, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

तेव्हा मागणे थोडे आहे. गाणे उद्धृत करायचे तर शेवटचे कडवे गाळू नये. गाळावेच लागले तर नाव वर लिहावे. माहितीपटाच्या श्रेयनामावलीत रचणारा आणि टिपणारा वेगवेगळे असावेत, आणि ज्याचे गाणे घेतले त्याला पुरा झालेला चित्रपट दाखवून विचारावे, हे तुझेच आहे ना? त्याने नाही म्हटले तर ते नाहीही नोंदवावे. आणि समीक्षकाने कर्ता ठरवताना कॅमेरा कोणी धरला एवढेच न पाहता, विचार आधी कोणाच्या तोंडी होता हे पाहावे.

तात्या २००० साल उजाडायच्या आत गेले. त्यांचे चौथे कडवे मला पाठ होते, ते मी वहीत उतरवून ठेवले आहे. वहीवर माझे नाव नाही. वाचकांच्या घरीही अशी कडवी असतील. म्हातारी माणसे आहेत तोवर ती लिहून घ्यावीत, आणि लिहिताना आपण अनंतभट्ट आहोत हे विसरू नये.